‘ब्रोमाइड’ : एका रासायनिक संज्ञेची अर्थमीमांसा

१

इंग्रजी वृत्तपत्रांतील अग्रलेख किंवा ग्रंथपरीक्षणे वाचताना मराठी वाचक ज्या शब्दांपाशी अडखळतो, त्यांत ‘ब्रोमाइड’ हा एक शब्द आहे. अमुक पुढाऱ्याच्या भाषणात नेहमीच्या ब्रोमाइडांवाचून काही नव्हते, अशा आशयाचे विधान त्याच्या दृष्टीस पडते. ब्रोमीन या मूलद्रव्याचा दुसऱ्या एखाद्या मूलद्रव्याशी संयोग होऊन जे संयुग बनते ते ब्रोमाइड, एवढे त्याला शालेय रसायनशास्त्रामुळे ठाऊक असते. भाषणात संयुग कोठून आले, या शंकेने तो कोश उघडतो. तेथे अर्थ एकाखाली एक मांडलेले असतात : ब्रोमीनचे संयुग, मन शांत करणारे औषध, शिळे, नीरस विधान, क्वचित् कंटाळवाणा मनुष्य. वाचकाला अर्थ सापडतो, पण त्या अर्थांतील संबंध सापडत नाही. संबंध न कळल्यामुळे तो ‘शिळे विधान’ एवढेच ध्यानात ठेवतो आणि या शब्दाला ‘क्लीशे’ अथवा ‘प्लॅटिट्यूड’ यांचा निव्वळ पर्याय समजू लागतो.

हा समज अपुरा आहे. या अर्थाचे जनकत्व सामान्यतः जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदकाराकडे दिले जाते. त्याने १९०६ साली हा शब्द नव्या अर्थाने वापरला आणि तेथून तो रूढ झाला, असे सांगण्यात येते. ही हकीकत खरी आहे. परंतु ती कारणमीमांसा नव्हे. त्याच लेखात, त्याच आग्रहाने, बर्जेसने आणखी एका संयुगाच्या नावाला नवा अर्थ दिला होता. तो शब्द भाषेत टिकला नाही. दोन शब्द एकाच लेखणीतून उतरले असता एक का जगला आणि दुसरा का मेला, याचे उत्तर मिळाल्यावाचून ‘ब्रोमाइड’चा अर्थ नीटसा उलगडत नाही.

२

प्रथम व्युत्पत्ती पाहू जाता असे दिसते की, या शब्दाच्या घडणीत त्याच्या पुढील अर्थाचे बीज मुळीच नाही. १८२६ साली फ्रान्समधील माँपेल्ये येथील आंत्वान झेरोम बालार या तरुण रसायनज्ञाने, मिठागरात मीठ धरल्यानंतर मागे राहणाऱ्या कडवट पाण्यातून एक नवे मूलद्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. तांबूस-तपकिरी रंगाचा, झटकन उडून जाणारा आणि अत्यंत उग्र वासाचा हा द्रव होता. बालारने त्याला खाऱ्या पाण्याच्या लॅटिन नावावरून ‘म्यूरिद’ असे नाव सुचविले होते. फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीला ते रुचले नाही, आणि ‘ब्रोमोस’ म्हणजे दुर्गंधी या ग्रीक शब्दावरून ‘ब्रोम’ हे नाव मुक्रर झाले. क्लोरीन, आयोडीन या जोडीला शोभेल असे त्याचे रूप इंग्रजीत ‘ब्रोमीन’ झाले.

शब्दाचा उत्तरार्ध याहून जुना आहे. १७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हाज्ये, बर्तोले आणि फुर्क्रुआ या चौघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी रासायनिक नामकरणाची नवी पद्धत सिद्ध केली. ‘ऑक्साइड’ ही संज्ञा त्याच सुमारास घडविली गेली. ‘ऑक्सिजन’चे डोके आणि ‘ॲसिड’ची शेपटी जोडून ती तयार झाली होती. पुढे ही शेपटी स्वतंत्र प्रत्यय बनली आणि क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड अशा संज्ञांची रांग लागली. म्हणजे ‘ब्रोमाइड’ या शब्दाचा अवयवार्थ करू गेल्यास ‘दुर्गंधी’ हा पूर्वार्ध आणि आंबटपणा सांगणाऱ्या शब्दाचा तुटका भाग हा उत्तरार्ध एवढेच हाती लागते. ज्या पोटॅशियम ब्रोमाइडमुळे हा शब्द घरोघरी पोहोचला ते संयुग मात्र पांढरे, खारट आणि गंधहीन आहे; आंबटही नाही. आपल्या शास्त्रकारांनी शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे मानले आहे. शब्द कशापासून घडला हे एक, आणि तो कशामुळे वापरला जातो हे दुसरे. ‘ब्रोमाइड’ हे या भेदाचे चोख उदाहरण होय.

३

या शब्दाला प्रयोगशाळेबाहेर नेले ते वैद्यकाने. १८५७ साली लंडनच्या वैद्यकसभेत अपस्मारावरील एका निबंधाची चर्चा चालू असता, व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी काही स्त्रीरुग्णांचे झटके पोटॅशियम ब्रोमाइडने थांबल्याचा अनुभव सांगितला. हे औषध कामवासना मंद करते ही त्या काळची समजूत त्यामागे होती. कारण चुकीचे असले तरी औषध लागू पडले. अपस्मारावरील पहिले खरोखर गुणकारी औषध म्हणून त्याचा प्रसार झाला, वेड्यांच्या इस्पितळांत ते मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निद्रानाश, चिडचिड, डोकेदुखी अशा किरकोळ तक्रारींवरही लोक ते घेऊ लागले. १९१२ साली फेनोबार्बिटल प्रचारात येईपर्यंत त्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी १८८८ साली निघालेल्या ‘ब्रोमो-सेल्ट्झर’ या औषधाच्या कारखानदाराने १९११ साली त्या शहरात एक उंच मनोराच उभारला. ब्रोमाइडचे नाव लोकांच्या परिचयाचे होते, एवढेच नव्हे, तर डोळ्यांपुढे होते.

भाषेच्या दृष्टीने या काळात घडलेली एक बारीकशी गोष्ट महत्त्वाची आहे. पदार्थाचे नाव या नात्याने ‘ब्रोमाइड’ इंग्रजीत मोजता न येणारे नाम होते. मीठ, साखर यांप्रमाणे ते थोडे वा फार असू शकत होते. औषध झाल्यावर ‘एक ब्रोमाइड घेणे’ असा प्रयोग सुरू झाला. येथे ‘एक’ हे विशेषण पदार्थाचे नसून मात्रेचे आहे. पदार्थाकडून मात्रेकडे झालेले हे संक्रमण लहान दिसले, तरी पुढचा सगळा अर्थविस्तार त्याच्याच आधाराने झाला आहे. जे मोजता येते त्यालाच माणसाचे किंवा वाक्याचे नाव होता येते. ‘तो एक ब्रोमाइड आहे’ हे वाक्य सुचण्यापूर्वी ‘एक ब्रोमाइड घे’ हे वाक्य भाषेत असणे अवश्य होते.

या औषधाचा दुर्गुणही लक्षात घेतला पाहिजे. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे १२ दिवस लागतात. रोज घेतल्यास ते साठत जाते आणि ‘ब्रोमिझम’ नावाची विषबाधा होते. रोगी मंद होतो, अडखळत बोलतो, अंगावर पुरळ उठते, भ्रम होतो. गुंगी आणि मंदपणा ही दोन्ही या नावाशी अशा रीतीने निगडित झाली. ब्रिटिश सैनिकांत महायुद्धांच्या काळी अशी वदंता होती की, त्यांच्या चहात ब्रोमाइड मिसळून त्यांची वासना थंड ठेवली जाते. वदंतेच्या खरेपणाशी येथे कर्तव्य नाही. सामान्य माणसाच्या मनात ‘ब्रोमाइड’ म्हणजे ‘गप्प बसविणारी वस्तू’ हा संस्कार किती पक्का होता, याची ती साक्ष आहे.

४

बर्जेसचा लेख या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. बोस्टन येथे १८६६ साली जन्मलेल्या या लेखकाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची पदवी १८८७ साली घेतली होती. शास्त्रीय परिभाषा त्याला परकी नव्हती. जांभळ्या गाईवरील १८९५ सालच्या चार ओळींच्या विनोदी पद्याने त्याचे नाव झाले. १९०६ साली त्याने ‘आर यू अ ब्रोमाइड?’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे लांबलचक उपशीर्षक कंटाळ्याच्या मानसशास्त्रावरील ताज्या संशोधनाचा हवाला देते. म्हणजे शास्त्रीय प्रबंधाचे विडंबन हा तिचा घाट आहे.

पुस्तिकेतील सिद्धान्त थोडक्यात असा : सर्व मनुष्यजात दोन वर्गांत विभागता येते, एक ब्रोमाइड, दुसरा सल्फाइट. ब्रोमाइड म्हणजे रुळलेल्या वाटेने विचार करणारा, सर्वांसारखे बोलणारा, पुढे काय बोलणार हे आधीच कळणारा मनुष्य. सल्फाइट म्हणजे स्वतःच्या डोक्याने चालणारा, अनपेक्षित बोलणारा, आपल्याला चकित करणारा मनुष्य. ब्रोमाइड माणसांच्या तोंडच्या ठराविक वाक्यांसाठी बर्जेसने ‘ब्रोमाइड’ आणि ‘इडिअम’ यांची सांगड घालून ‘ब्रोमिडिअम’ हा तिसरा शब्द घडविला, आणि त्या वाक्यांची एक यादीच दिली. उकाड्यापेक्षा हवेतील दमटपणाच अधिक जाचतो असे सांगणारे वाक्य, जग किती लहान आहे असे आश्चर्य करणारे वाक्य, कलेतले कळत नसले तरी आपल्याला काय आवडते ते कळते अशी कबुली देणारे वाक्य, अशी तिची जात आहे.

विनोदी लेखन म्हणून पुस्तिका मजेदार आहे. पण तिच्यातील एक निरीक्षण विनोदापलीकडचे आहे, आणि ते बहुधा दुर्लक्षिले जाते. बर्जेसच्या मते एखादे वाक्य पुष्कळदा वापरून शिळे झाले, एवढ्याने ते ब्रोमाइडी ठरत नाही. विशिष्ट प्रसंगी विशिष्ट माणसाच्या तोंडून ते अटळपणे निघते, म्हणून ते ब्रोमाइडी. दोष वाक्याच्या अंगी नसून वाक्य, वक्ता आणि प्रसंग यांच्या यांत्रिक सांगडीत आहे, असे तो म्हणतो. आजच्या भाषाशास्त्रात ज्याला वापराचा संदर्भ म्हणतात, त्याचे महत्त्व येथे एका विडंबनकाराने अचूक हेरले होते.

त्याचे चुकले ते वर्गीकरणात. मनुष्यजातीची दोन कप्प्यांत वाटणी करणे विनोदाला सोयीचे असले, तरी भाषेला ते मानवले नाही. एकच माणूस सकाळी ठराविक वाक्य बोलतो आणि सायंकाळी चकित करतो. भाषिक समाजाने बर्जेसचा शब्द उचलला, पण त्याचा सिद्धान्त नाकारला. ‘ब्रोमाइड’ हे माणसाचे नाव हळूहळू मागे पडले आणि वाक्याचे नाव झाले. ज्या कामासाठी बर्जेसने ‘ब्रोमिडिअम’ घडविला होता ते काम ‘ब्रोमाइड’नेच स्वतःकडे घेतले, आणि ‘ब्रोमिडिअम’ निकामी झाला.

५

‘सल्फाइट’च्या मृत्यूची मीमांसा आता करता येईल. हा शब्दही १७८७ च्या नामकरणपद्धतीतील आहे. ‘सल्फेट’ आणि ‘सल्फाइट’ हा भेद ऑक्सिजनाच्या अधिक-उणे प्रमाणावर आधारलेला आहे. सल्फाइटे निरुपयोगी होती असे नव्हे. कागदाच्या कारखान्यांत ती लागत, मद्य टिकविण्यासाठीही त्यांचा उपयोग होई. पण ‘एक सल्फाइट घेऊन ये’ असे कोणी कोणाला सांगत नव्हते. मनावर त्याचा अमुक परिणाम होतो, असा लोकांचा अनुभव नव्हता. चकित करणारा मनुष्य आणि सल्फाइट यांत कोणते साम्य आहे, हे बर्जेसला ठाऊक असले तरी वाचकाला ते स्वानुभवाने पटण्याजोगे नव्हते. उलट ब्रोमाइडच्या बाबतीत लेखकाने काही पटवून देण्याची आवश्यकताच नव्हती. उशाशी औषधाची बाटली असलेल्या वाचकाला ‘हा गृहस्थ म्हणजे ब्रोमाइड आहे’ या वाक्याचा अर्थ आपोआप कळत होता.

यावर एक आक्षेप संभवतो. याच बर्जेसने पुढच्या वर्षी, १९०७ साली, याच पुस्तिकेच्या एका खास वेष्टनावर ‘ब्लर्ब’ हा शब्द छापला. पुस्तकाच्या वेष्टनावरील स्तुतिपर मजकुराला तो आज सर्वत्र वापरला जातो. मराठी प्रकाशनव्यवसायातही तो रुळला आहे. ‘ब्लर्ब’ या ध्वनिसमूहाला कोणत्याही पूर्वानुभवाचा आधार नाही. मग आधाराविना ‘ब्लर्ब’ जगला आणि ‘सल्फाइट’ मात्र मेला, हे कसे?

याचे उत्तर असे की, शब्द टिकण्यास दोहोंपैकी एक तरी गोष्ट असावी लागते : गरज किंवा आधार. वेष्टनावरील त्या मजकुराला तोवर सुटसुटीत नाव नव्हते. तेथे गरज होती, म्हणून आधार नसताही ‘ब्लर्ब’ टिकला. शिळ्या बोलण्याला इंग्रजीत आधीच अनेक नावे होती. तेथे तातडीची गरज नव्हती, पण ‘ब्रोमाइड’ला अनुभवाचा भक्कम आधार होता. स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला नावे होती, आणि ‘सल्फाइट’ला आधार नव्हता. दोन्ही अंगांनी उणा पडलेला हा शब्द आज त्या अर्थाने केवळ बर्जेसच्या संदर्भातच उच्चारला जातो. कोणत्याही लेखकाला, तो कितीही लोकप्रिय असला तरी, केवळ हुकुमाने शब्दाचा संकेत बदलता येत नाही.

६

संस्कृत साहित्यशास्त्रातील लक्षणाविचार या प्रवासाला उत्तम प्रकारे लावता येतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेला तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्य अर्थाचा बाध, मुख्य अर्थाशी लक्ष्यार्थाचा योग, आणि रूढी अथवा प्रयोजन यांपैकी एक. ‘तो एक ब्रोमाइड आहे’ या वाक्यात मनुष्य हा औषध असू शकत नाही, हा मुख्यार्थबाध. दोहोंमुळे गुंगी येते, हा योग. कंटाळवाणेपणाचा उपहास हे प्रयोजन. योग सादृश्यावर आधारलेला असल्यामुळे ही गौणी लक्षणा होय. माणसावरून वाक्यावर जाताना मात्र नाते बदलते. वाक्य माणसासारखे नसते. ते माणसापासून उत्पन्न होते. सादृश्याची जागा जन्यजनकसंबंधाने घेतली, म्हणून ही शुद्धा लक्षणा. पदार्थावरून मात्रेवर झालेले पूर्वीचे संक्रमणही याच, सादृश्येतर, वर्गात पडते.

सादृश्य नेमके कोणाशी, हा प्रश्नही येथे निकालात निघतो. ब्रोमाइड सतत घेणारा रोगी मंद होतो. तेव्हा कंटाळवाणा मनुष्य त्या रोग्यासारखा म्हणावयाचा, की औषधासारखा? शब्द औषधाचा आहे, रोग्याचा नव्हे. तेव्हा वर्णन वक्त्याच्या मंद बुद्धीचे नसून श्रोत्यावर होणाऱ्या परिणामाचे आहे. वाक्याला हा शब्द लावला जाऊ लागल्यावर हीच बाजू बळावली.

पुढचा टप्पा अधिक विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत १९७५ साली ब्रोमो-सेल्ट्झर व तत्सम औषधांतून ब्रोमाइडे विषारीपणामुळे काढून टाकण्यात आली. कुत्र्यांच्या अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइड अजून देतात; पण माणसाच्या घरातून ते गेले. आज जो तरुण इंग्रजी भाषक ‘ब्रोमाइड’ हा शब्द शिळ्या वाक्याला लावतो, त्याला औषधाची आठवण असण्याचे कारण नाही. त्याच्या बाबतीत मुख्यार्थ उपस्थितच होत नाही. मग त्याचा बाध कसा होणार? मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. मूळ अर्थ कुश नावाचे गवत आणणारा, रूढ अर्थ निपुण. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त यावर हरकत घेतली : व्युत्पत्तीने काहीही मिळो, ‘निपुण’ हाच या शब्दाचा मुख्यार्थ आहे, तेथे लक्षणा कशाला? ‘ब्रोमाइड’च्या बाबतीत हा वाद केवळ दोन पंडितांचा राहत नाही, तो दोन पिढ्यांचा होतो. १९०६ सालच्या वाचकाला तेथे लक्षणा होती. आजच्या वाचकाला तेथे बहुतांशी अभिधा आहे. शिळ्या वाक्यांना हसणारी ही उपमा स्वतःच शिळी होऊन साधा शब्द बनली.

‘व्हिट्रिऑल’ या शब्दाशी तुलना केल्यास वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. मोरचूद, हिराकस अशा काचेप्रमाणे चमकणाऱ्या क्षारांचे, आणि त्यांवरून गंधकाम्लाचे, हे जुने नाव. लॅटिनमधील काचवाचक शब्दापासून आलेले. दाहक, विखारी बोलण्याला ते आजही लावतात. पण १७८७ च्या सुधारणेनंतर रसायनशास्त्राने ते हळूहळू सोडून दिले. शास्त्राने टाकलेला शब्द साहित्याला मोकळा मिळाला. ‘ब्रोमाइड’ला असे सुटे होता आले नाही. शास्त्रात तो आजही जिवंत संज्ञा आहे; औषध म्हणून मेला आहे; निंदाव्यंजक शब्द म्हणून जिवंत आहे. साखळीची दोन टोके शाबूत आणि मधली कडी गळालेली, अशी त्याची स्थिती आहे. कोशात वाचकाला संबंध सापडत नाही, त्याचे कारण हे.

७

मधली कडी गळाली, तरी तिचा ठसा अर्थावर उमटलेला आहे. समानार्थी समजल्या जाणाऱ्या शब्दांच्या शेजारी ठेवल्यावर तो दिसतो. ‘क्लीशे’ हा मुद्रणकलेतील शब्द. ओतून काढलेल्या ठशाचे ते फ्रेंच नाव. त्यात निंदा आहे ती शब्दयोजनेच्या पुनरावृत्तीची. ‘प्लॅटिट्यूड’ सपाटपणावरून आला. तेथे निंदा आशयाच्या उथळपणाची. ‘हॅकनीड’च्या मुळाशी भाड्याचे घोडे आहे, कोणीही वापरून दमविलेले. हे तिन्ही शब्द वाक्याकडे पाहतात. ‘ब्रोमाइड’ श्रोत्याकडे पाहतो. ते वाक्य ऐकणाऱ्याचे काय होते, हे त्याला सांगावयाचे असते.

मराठी वाक्यांनी हा भेद पारखता येतो. कोणी थोर पुरुष निवर्तल्यावर ‘सर्वत्र शोककळा पसरली’ असे वृत्तपत्र छापते. हा क्लीशे आहे. शब्द ठराविक आहेत, पण कोणाला शांत करण्याचा त्यांचा हेतू नाही. उलट, नोकरी गेलेल्या माणसाला ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ किंवा पुत्रशोकात बुडालेल्या मातेला ‘काळ हेच दुःखावरचे औषध’ असे सांगितले जाते, तेव्हा ते ब्रोमाइड होय. येथे वाक्य दिलासा देते, आणि दिलासा देताना प्रश्न विचारू देत नाही. नोकरी का गेली, हा प्रश्न त्या वाक्याने झोपी जातो. राजकीय लेखनात हा शब्द विशेष धारदार ठरतो तो याच छटेमुळे. मंत्र्याने उत्तर दिले नाही, मात्रा दिली, असा आरोप त्यात गर्भित असतो.

अर्थात् प्रत्येक इंग्रजी लेखक ही छटा मनात धरूनच शब्द वापरतो असे नाही. पुष्कळदा तो निव्वळ ‘शिळे वाक्य’ एवढ्याच अर्थाने येतो. तथापि ‘सुखावणारे’, ‘दिलासा देणारे’ अशा अर्थाची विशेषणे त्याला सहज शोभतात. ‘भडक’ किंवा ‘जहाल’ ही विशेषणे शोभत नाहीत. प्रक्षोभक घोषणा कितीही वेळा दिली गेली तरी ती क्लीशे होईल, ब्रोमाइड होणार नाही. औषध विस्मृतीत गेले, पण त्याचा गुणधर्म विशेषणांच्या निवडीत शिल्लक राहिला आहे.

८

मराठी भाषांतरकाराची अडचण यातून निश्चित होते. मराठीत हा शब्द रसायनशास्त्राखेरीज छापखान्यातून आला. अक्षरजुळणीचे काम छायाचित्रण-पद्धतीने होऊ लागले, त्या काळात मजकूर ज्या प्रकाशसंवेदी कागदावर उमटे त्याला मुद्रक ‘ब्रोमाइड’ म्हणत. सिल्व्हर ब्रोमाइडचा थर असलेल्या कागदाचे ते नाव होते. क्लीशे हा छापखान्यातला शब्द, ब्रोमाइडही छापखान्यातला, तेव्हा दोहोंचा लक्ष्यार्थ तेथूनच निघाला असेल, असे अनुमान कोणी केल्यास ते साहजिक वाटेल. परंतु ते चुकीचे ठरेल. बर्जेसची पुस्तिका कंटाळ्याविषयी आहे, प्रतिमुद्रणाविषयी नाही.

‘छापील वाक्य’, ‘गुळगुळीत वाक्य’, ‘पोपटपंची’ हे मराठी शब्द क्लीशेच्या अंगाने जाणारे आहेत; त्यांत गुंगी नाही. ‘अफूची गोळी’ या शब्दप्रयोगात गुंगी आहे, पण ती फार जबर आहे आणि तिला वैचारिक वादाचा वास आहे. चहाच्या टेबलावरील किरकोळ वाक्याला ती पेलवत नाही. दिलाशाचा भाव प्रधान असेल तेथे ‘तोंडपाठ दिलासा’, आणि नसेल तेथे ‘गुळगुळीत वाक्य’, अशी प्रसंगानुसार दोन भाषांतरे करणे हाच प्रामाणिक मार्ग दिसतो. एकाच मराठी शब्दाचा आग्रह धरल्यास मूळातील अर्धा अर्थ सांडेल.

अशा अर्थप्रवासाला मराठी अनोळखी आहे असे मात्र नाही. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येकांनी सहाणेवर उगाळलेली मात्रा पाहिलेली नसते. ‘देशभक्तीचे बाळकडू’ मिळालेल्या सर्वांनाच तान्हेपणी ते कडू औषध पाजलेले नसते. दोन्ही ठिकाणी घरातील औषधाने शब्दाला आधार दिला, आणि औषध घरातून गेल्यावरही शब्द राहिला. ‘ब्रोमाइड’ याच कुळातील आहे. फरक इतकाच की, बाळकडू मनात काही रुजविते. ब्रोमाइड मनातले काही निजविते.

कोशकाराने काय करावे, याचे उत्तर यातच आहे. अर्थ एकाखाली एक न मांडता, संयुग, त्यापासून औषध, औषधाची मात्रा, मात्रेसारखा मनुष्य, त्या मनुष्याचे वाक्य असा क्रम द्यावा. औषधाचा अर्थ आता ऐतिहासिक आहे अशी खूण करावी. आणि दिलाशाची छटा स्वतंत्रपणे नोंदवावी. चार ओळी वाढतील, पण वाचकाचा गोंधळ टळेल.

असा गोंधळ केवळ वाङ्मयीन नसतो, हे अलीकडील एका घटनेवरून दिसून येते. २०२५ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात ६० वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध झाली. आहारातून क्लोराइड वर्ज्य करण्याच्या हेतूने, कृत्रिम बुद्धीच्या संभाषणयंत्राचा सल्ला घेतल्यानंतर, त्याने साध्या मिठाच्या जागी तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाल्ले. संशयाने आणि भासांनी पछाडलेल्या स्थितीत त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान झाले ब्रोमिझमचे. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड हे उत्तर एखाद्या औद्योगिक संदर्भात बरोबर असू शकते. ताटाच्या संदर्भात ते विष ठरले. लोकॉकच्या काळातील कोणताही डॉक्टर ज्या लक्षणांवरून रोग ओळखू शकला असता, तो रोग विस्मरणातून परत आला. शब्दाच्या साखळीतील नेमकी तीच कडी गळालेली होती.